टेम्पो रन नेमका किती लांब असावा? त्यात आपली ही कोकणची दमट हवा!

कुवारबावकर
मंडळी, जाणकारांचं मत हवंय. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन करायची आहे, सव्वादोन तासांत झाली तर गंगेत घोडं न्हालं. १० किमीला सध्या साधारण तासभर लागतो. आठवड्याचे ४० किमी होतात. रविवारी लांब पल्ला, बुधवारी टेम्पो (जरा जोरात पळणं), बाकी दिवस आरामात.

गोम बुधवारची आहे. आमच्या ग्रुपमधले अनुभवी लोक म्हणतात टेम्पो म्हणजे १० किमी, त्याच्या खाली नुसता घाम गाळणं. मोबाइलवरच्या प्लॅनमध्ये मात्र २० मिनिटं लिहिलंय. २० मिनिटांत माझे साडेतीन किमीसुद्धा होत नाहीत! एवढ्याशासाठी पहाटे साडेचारचा गजर लावून घरच्यांची झोपमोड करायची? दुसरीकडे ग्रुपबरोबर १० किमी पळालो की गुरुवार-शुक्रवार पाय उचलत नाहीत आणि रविवारचा पल्ला रखडत पूर्ण होतो.

तर टेम्पो करायचा कशासाठी आणि किती? आणि गणपती झाले की ऑक्टोबरचा उकाडा येतोच आहे, तेव्हा काय करता?

तिरफळ
धागा छान. वाचनखूण साठवली. पळणार नाही, पण वाचणार.

वेंगुर्लेकर_बाबी
सकाळी उठान येवढा धावतास तां कित्याक? साडेपाचची एस्टी चुकली काय?

सडेकरी
कुवारबावकर, आधी कशासाठी ते बघू, किती ते त्यातूनच निघेल.

पळताना स्नायूंत लॅक्टेट तयार होतं. ते अगदी हळू पळतानाही होतं. ते विषबिष काही नाही. हृदय आणि शेजारचे स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. एका ठरावीक जोरापर्यंत जेवढं तयार होतं तेवढं वापरलं जातं. त्याच्या वर गेलात की रक्तातलं लॅक्टेट चढत जातं, श्वास फुलतो आणि थोड्याच वेळात वेग सोडावा लागतो. ही जी सीमा आहे तिला थ्रेशोल्ड म्हणतात. टेम्पो रन त्या सीमेच्या आसपास करायचा, म्हणजे हळूहळू ती सीमा वर सरकते. कालपर्यंत ज्या वेगाला धाप लागायची तो वेग उद्या जास्त वेळ झेपतो. हाफवाल्याला हवं असतं ते हेच.

आता ही सीमा शोधायची कशी? प्रयोगशाळेत रक्त तपासून सापडते. पण ढोबळ ओळख म्हणजे जीव तोडून शर्यतीत जो वेग साधारण एक तास टिकेल, तो. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांची मांडणी हीच आहे: त्या वेगाने सलग २० मिनिटं, किंवा त्याच वेगाचे तुकडे आणि मध्ये छोटी विश्रांती, ५ मिनिटं पळालात तर १ मिनिट. (नाव वाचून कोणी हसू नये. माणूस खराच, ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत पदकंही मिळवली आहेत.)

आता तुमचं गणित करा. आपला बीडचा अविनाश साबळे २०२० मध्ये दिल्लीला हाफ १ तास ३० सेकंदांत पळाला. म्हणजे त्याचा तासाभराचा वेग हाच त्याचा हाफचा वेग, किमीला २ मिनिटं ५२ सेकंद. त्याने २० मिनिटं टेम्पो केला तर ७ किमी होतात. तुमचा तासाभराचा वेग म्हणजे तुमचा १० किमीचा शर्यतीतला वेग, किमीला सहा मिनिटं. मग १० किमी टेम्पो म्हणजे काय झालं? दर बुधवारी एक शर्यत. गुरुवारी पाय उचलणार कसे?

म्हणून टेम्पो किमीत मोजू नका, मिनिटांत मोजा.

कुवारबावकर
आयला. दर बुधवारी शर्यत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

हातखंबा_पास
तो "अनुभवी" बहुधा मीच. 😄

सडेकरी, साबळेचं उदाहरण ऐकायला गोड आहे. पण हाफ २१ किमीची असते. २० मिनिटं पळून घरी पोहे खायला बसणारा माणूस १५ किमीनंतर काय करणार? शेवटचे ६ किमी पुस्तकातलं लॅक्टेट पळत नाही, मन पळतं. सलग १० किमी जोरात पळण्याची सवय असेल तरच ते जमतं. आमच्या ग्रुपमधले बरेच जण याच बुधवारच्या जोरावर दोन तासांच्या आत आलेत. थिअरी चुलीत घाला.

सडेकरी
चुलीत घालू, पण आधी दोन आकडे द्या. १० किमीची शर्यत किती वेळात करता? आणि बुधवारचे १० किमी किती वेळात?

हातखंबा_पास
शर्यत ५० मिनिटं. बुधवार ५५, कधी ५६.

सडेकरी
बघा, म्हणजे बुधवारी तुम्ही किमीला साडेपाच मिनिटांनी पळता. ५० मिनिटांत १० किमी करणाऱ्याचा हा मॅरेथॉनचा वेग झाला. तुमचा थ्रेशोल्ड किमीला ५ मिनिटं ६ ते ८ सेकंदांच्या आसपास असेल. तुम्ही करता तो व्यायाम उत्तम आहे, हाफ-फुलवाल्यांनी करावाच, पण तो वेगळा. तुमच्या मागून येणारे कुवारबावकर मात्र त्याच १० किमीत स्वतःच्या शर्यतीच्या वेगाने पळतात. रस्ता एक, वेळ एक, पण तुमचा होतो सराव आणि त्यांची होते परीक्षा.

हातखंबा_पास
हं. हे मान्य. पण मनाचा मुद्दा मी सोडत नाही.

हर्णैची_लेक
मनाच्या मुद्द्यावर हातखंबा यांना अर्धं अनुमोदन. सलग जोर लावायची सवय लागतेच. फक्त ती रविवारी लावावी असं मला वाटतं. लांब पल्ल्याच्या शेवटच्या ४-५ किमीला हाफच्या वेगाने पळायचं. पाय आधीच दमलेले असतात, मनाची कसोटी तिथे खरी लागते.

माझा अनुभव दापोली-हर्णै पट्ट्यातला. इथे सपाट रस्ता म्हणाल तर कर्दे-मुरुडच्या बाजूला थोडा, बाकी चढ नाहीतर उतार. त्यामुळे घड्याळातला वेग बघणं मी सोडूनच दिलंय. चढावर वेग पडतो, पडू द्यायचा, दम तेवढाच ठेवायचा. उतारावर पाय सुटतात, तिथे मुद्दाम आवरायचं.

आणि बायकांनी गावात जोरात पळणं हा वेगळाच टेम्पो आहे. आरामात पळते तेव्हा कोणी काही म्हणत नाही. बुधवारी जरा जोर लावला की पडवीतून हाक येते, "अगो, काय झालं? कोण आजारी आहे का घरी?" थांबून उत्तर द्यावं तर ठोके खाली, न द्यावं तर संध्याकाळपर्यंत गावभर माझी माणसं आजारी. आता मी नुसता अंगठा दाखवते आणि पुढे जाते.

तिरफळ
😂😂 गावभर आजारी

निवृत्त_पीटी
मी शाळेत खेळ शिकवायचो. जिल्हा-विभागाला जाणारी पोरं तयार केली, घड्याळ एकच, तेही माझ्या हातात. ठोके मोजायचं यंत्र कुठून असणार? आम्ही पाढ्यांवर चालवायचो.

पोराला पळता पळता तेराचा पाढा म्हणायला लावायचा. सलग म्हणत गेला तर तो फिरायला आलाय. दोन-तीन शब्द, मग श्वास, मग पुन्हा दोन-तीन शब्द, असं चाललं असेल तर बरोबर. "तेरा एके" म्हणतानाच तोंड उघडं पडलं तर जास्त झालं, त्याला मागे खेचायचं. अजून सांगतो, याहून स्वस्त आणि भरवशाचं यंत्र नाही.

लांबीबद्दल: पोरांना मी सलग जोर क्वचितच देत असे. मैदानाच्या चार-पाच फेऱ्या, मिनिटभर हळू, परत चार-पाच. सलग दिलं की पहिल्या फेऱ्यांत सगळे एकमेकांना मागे टाकायला बघतात आणि शेवटी एकही नीट पळत नाही. तुकडे केले की सगळे आवरून राहतात.

वेंगुर्लेकर_बाबी
गुरुजी, एकोणिसाचो पाढो खुर्चेर बसान पण माका येणा नाय. माजो थ्रेशोल्ड खय म्हणायचो?

निवृत्त_पीटी
तुझा अंगठे धरून उभं राहण्याचा.

डॉक्टर_कुडाळ
पीटी सरांची पद्धत अगदी शास्त्राला धरून आहे, बोलता येतं की नाही यावरून थ्रेशोल्डचा बऱ्यापैकी अंदाज येतो. उलट मनगटावरच्या घड्याळांवर फार विसंबू नका. पट्टा सैल असेल, घाम भरपूर असेल तर ती कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतात. मिनिटाला १७०-१७५ पावलं पडत असतात, घड्याळ १७२ ठोके दाखवतं, आणि पेशंट माझ्याकडे घाबरून येतो. छातीचा पट्टा त्यापेक्षा बरा.

आता हवेबद्दल, कारण मूळ प्रश्नात ते होतं आणि सगळे विसरले. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं. आपल्याकडे हवेत आधीच इतकी वाफ असते की तो वाळतच नाही, नुसता गळतो. मग अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे जास्त वळवावं लागतं, स्नायूंना कमी मिळतं, आणि तोच वेग ठेवला तरी ठोके चढत जातात. पुण्याला हिवाळ्यात सहाच्या वेगाने जो व्यायाम टेम्पो ठरतो, तोच रत्नागिरीत ऑक्टोबरात शर्यत ठरतो. म्हणून इथे वेग नव्हे, दम धरायचा. वेग किमीला १५-२० सेकंदांनी पडला तरी शरीराला मिळायचं ते मिळतंच. डिसेंबरात पहाटे गारवा आला की हेच पाय आपोआप वेगात येतात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी जोराचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. पळताना छातीत दडपण, चक्कर असं काही वाटलं तर मन पळतं वगैरे म्हणत बसू नका, थांबा. (हातखंबा, हलकेच घ्या.)

पावसातल्यांसाठी एक: पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून, शेताच्या बांधावरून पळू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो.

हातखंबा_पास
हलकेच घेतलं डॉक्टर. 🙏

ओले_बूट
पावसाचा विषय निघालाच आहे तर, बूट कसे सुकवता? माझे आठवडाभर सुकत नाहीत, आता वासही सुटलाय.

हर्णैची_लेक
आतला सोल काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, मग पंख्याखाली. चुलीजवळ अजिबात नको, डिंक सुटतो आणि तळ उघडतो.

वेंगुर्लेकर_बाबी
अनवाणी धाव मेल्या, बूट कित्याक होये?

नाखवा
बाबी, तू चेष्टा करतोस, पण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या वाळूत मी पोरांना अनवाणी पळताना रोज बघतो. धावणं मला कळत नाही, पण पाणी कळतं, म्हणून लिहितो. पुळणीवर पळायचं असेल तर ओहोटी बघून या. सुक्या वाळूत पाय रुततो, ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते.

हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, ती भरतीची वेळ. पुनव किंवा अमावस्या असेल तर पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. भरती सव्वाअकराला म्हणजे ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पहाटे पाच-सव्वापाचला. शिवाय उधाणाचे दिवस, ओहोटीला पाणी जास्तीत जास्त मागे हटतं, पुळण रुंद मिळते. अष्टमीला मात्र आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला पाणी सुरूच्या झाडांकडे. त्या दिवशी रस्त्यावर पळा.

सडेकरी
नाखवा, हे सोनं आहे. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपासचे बुधवार भाट्याला, अष्टमीचे सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर.

एक काळजी सगळ्यांनी घ्या. पुळण पाण्याकडे उतरती असते. एकाच दिशेने पळत राहिलात तर एक पाय कायम वर, एक कायम खाली, गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. जाऊन-येऊन पळा आणि पाण्यालगतची जास्तीत जास्त सपाट पट्टी धरा. अनवाणी टेम्पो मात्र सवय नसेल तर नकोच. पोटऱ्या आणि टाचेच्या शिरेवर एकदम भार येतो.

अर्धा_कप_चहा
सगळं वाचलं. माझं मत वेगळं. आठवड्याला ४० किमी पळणाऱ्याला टेम्पोची गरजच काय? आधी ६० करा, सगळे आरामात. दोन तासांच्या वरच्या हाफला मुळात दम लागतो, थ्रेशोल्ड नाही. लोक पाया भरायच्या आधी गच्चीला टाइल्स बसवतात.

सडेकरी
चहा, अर्धं खरं आहे. कुवारबावकरांनी आरामाचे किमी वाढवले तर फायदा टेम्पोपेक्षा जास्त होईल, हे मीही म्हणेन. पण नोकरी, घर, पहाटेचा एकच तास. ६० कुठून आणणार? अशा माणसाला आठवड्यातून एक मोजका जोराचा दिवस कमी वेळात बरंच काही देतो. अट एकच, मोजका. डॅनियल्स यांचाच दंडक आहे की थ्रेशोल्डच्या वेगाचे एका वेळचे किमी आठवड्याच्या एकूण किमीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. ४० चे १० टक्के चार. सहाच्या वेगाने चार किमी म्हणजे २४ मिनिटं. प्लॅनमधली २० मिनिटं काही आकाशातून पडलेली नाहीत.

अर्धा_कप_चहा
मग नॉर्वेवाले? इंगेब्रिग्टसन भाऊ दिवसातून दोनदा थ्रेशोल्ड करतात म्हणे.

सडेकरी
करतात. पण नीट बघा, कसं करतात. सलग क्वचितच. सहा-सहा मिनिटांचे, किमी-किमीचे तुकडे, मध्ये छोटी विश्रांती, आणि बोटाला नाहीतर कानाला टोचून लॅक्टेट मोजत, सीमेच्या थोडं खालीच राहून. म्हणजे सगळी कसरत जास्त जोर न लावण्यासाठी चाललेली असते. पीटी सर शाळेच्या मैदानावर पाढ्यांवर जे करत होते, ते याच अंगाने जाणारं.

निवृत्त_पीटी
नॉर्वेला कळवा.

कुवारबावकर
🙏 सगळ्यांचे आभार. मला जे कळलं ते लिहितो, चुकलं तर सांगा.

बुधवार: १५ मिनिटं आरामात, मग टेम्पो, मग १० मिनिटं आरामात. म्हणजे सगळं मिळून पाऊण तास, ६-७ किमी होतात. गजर फुकट जात नाही. ऑक्टोबरभर सलग नाही, ८ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दीड मिनिट हळू. घड्याळातला वेग झाकून, पाढे म्हणत. थंडी पडली की १२ चे दोन, मग सलग २० ते २५. रविवारी शेवटचे काही किमी हाफच्या वेगाने, म्हणजे सव्वादोन तासांच्या हिशेबाने किमीला ६ मिनिटं २४ सेकंद.

आता एकच शंका. शर्यतीपूर्वी हे ४० मिनिटांपर्यंत वाढवायचं का?

सडेकरी
नको. ज्यांचे आठवड्याला ७०-८० किमी होतात त्यांना ३०-४० मिनिटं थ्रेशोल्ड झेपतो. तुम्ही ३० ला पोचलात तरी दोन तुकड्यांत करा. ३० च्या पुढे सलग जायचं असेल तर वेग उतरवा, सव्वासहा-साडेसहाच्या मध्ये या. तेव्हा तो हाफच्या वेगाचा सराव होतो, आणि तो महिन्यातून एकदा हातखंबा यांच्याबरोबर १० किमी करायला माझी काही हरकत नाही. फक्त त्यांच्या पुढे जायचं नाही, आणि त्यांच्या मागेही लागायचं नाही.

हातखंबा_पास
मंजूर. बुधवारी मी पुढे असेन, तू तुझे पाढे म्हणत ये. ग्रुपमध्ये अजून दोघे-तिघे तासाच्या आसपासचे आहेत, त्यांनाही तुझ्याबरोबर तुकड्यांवर टाकतो. पण डिसेंबरातला एक दहाचा बुधवार चुकवायचा नाही.

परशुराम_चढ
उशिरा आलो. चिपळूणच्या बाजूला सपाट मिळतच नाही, दोन पावलं टाकली की चढ. घाटात चढावर टेम्पो केला तर चालेल का? की तो हिल रिपीट होतो?

सडेकरी
चालेल. चढ सौम्य असेल आणि ८-१० मिनिटं सलग मिळत असेल तर उत्तम, वेग कमी असल्याने पायांवर आपटही कमी बसते. दम तोच ठेवा, पाढ्यांचा. वळणागणिक जोर लावून मग थांबत गेलात तर तो हिल रिपीट. उतरताना चालत किंवा अगदी हळू या. मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या बहुतेक उतारानेच, लॅक्टेटने नाही. आणि हायवेवर नको, अवजड गाड्या उजाडायच्या आतच सुरू होतात. आतला गावाकडचा एखादा चढ शोधा, पाठीला उजळ पट्टीचं जॅकेट घाला आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा.